पाहुण्याचं आधण

गॅसची गाडी आली हे व्यंकोजीरावांना आवाजावरूनच कळलं. लोखंडावर लोखंड आपटल्याचा तो खणखणाट ऐकायला त्यांचे कान सकाळपासून रस्त्याकडे लागले होते. हातातला झारा तसाच घेऊन ते बाहेर धावले. गाडीवाल्याने नेहमीच्या निम्मे सिलिंडर उतरवले आणि मागची फळी लावून टाकली.

"बाकीचे?" व्यंकोजीरावांनी तमिळमध्ये विचारलं.

"बाकीचे जहाजात. जहाज समुद्रात. समुद्र माझ्या ताब्यात नाही, साहेब."

"वसतिगृहाच्या मुलींना दोन्ही वेळचं जेवण जातं माझ्याकडून. त्यांना काय समुद्र वाढू?"

गाडीवाला हसला नाही. सकाळपासून अख्ख्या पापनाशम गावाच्या शिव्या त्याने खाल्ल्या होत्या. पण जाता जाता त्याने आपली पुडी सोडलीच. "रेल्वे फाटकापलीकडची मेस तुमच्याएवढीच पानं वाढते. तिला यापेक्षा कमी पुरतात. गळती पाइपाला नसेल, तर माणसाला असेल. घरात बघा."

आग लावायला गॅस लागत नाही, जीभ पुरते. गाडी कुंभकोणमच्या रस्त्याला लागली आणि व्यंकोजीराव झारा धरून तिथेच उभे राहिले.

मेस त्यांच्या आईच्या नावाची. पाटीवर तमिळमध्ये 'वसुमती मेस' असं लिहिलेलं. घरातली मराठी फक्त तोंडात होती, ती लिहायला-वाचायला कुणालाच येत नव्हतं. मराठी राजांच्या मागोमाग तंजावूरला आलेल्या लोकांपैकी कुणाला शेतं मिळाली, कुणाला पुढे सरकारी खुर्च्या मिळाल्या, आणि यांच्या वाट्याला चूल आली. त्याबद्दल व्यंकोजीरावांची तक्रार कधीच नव्हती. चूल राखणारा उपाशी मरत नाही, असं ते म्हणायचे. यंदाच्या ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या महिन्यात, मात्र त्यांनी ते म्हणणं बंद केलं होतं.

कारण वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंचा फोन येऊन गेला होता. बाई गोड बोलल्या, पण बोलल्या ते स्पष्ट. मुलींची एक जरी वेळ चुकली, तरी जेवणाचं काम दुसऱ्याला जाईल. दुसरा तयारच आहे, कुंभकोणमचा, तो वाफेवर स्वयंपाक करतो. वसतिगृह गेलं की मेस गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्यावरचं गिऱ्हाईक काय, दोन इडल्या खाऊन तीनदा सांबार मागतं. मुलगा रघुनाथ त्रिचीची नोकरी सोडून इथला टेम्पो चालवायला आला होता. सून वरलक्ष्मी तंजावूरच्या शाळेतली नोकरी सोडून आली होती. आता परत कुठे जायचं, हा प्रश्न दोघांच्या तोंडावर असायचा, तोंडातून मात्र येत नसे.

स्वयंपाकघरात एकाच पाइपावर शेगड्यांची रांग होती. पहिली दोन अजस्र तोंडं भाताच्या आणि सांबाराच्या हंड्यांची, मग रसम आणि भाजीची, आणि अगदी शेवटी, भिंतीला लागून, एक लहान शेगडी. तिच्यावर उंच तपेलं. व्यंकोजीरावांच्या पत्नी चंद्रमतीबाई पहाटे आंघोळ करून आल्या की सगळ्यांत आधी ती लहान शेगडी पेटवायच्या, तिच्यावर तपेलंभर पाणी ठेवायच्या, देवाला हात जोडायच्या आणि मग बाकीच्या कामाला लागायच्या. ते पाहुण्याचं आधण. अवेळी कुणी दाराशी आलं तर तांदूळ टाकायला पाणी उकळतं हवं. सासूबाई वसुमतीबाई सांगून गेल्या होत्या, आधण नसलेली चूल म्हणजे कडी घातलेलं दार. शेवटचं पान उठेपर्यंत ते तपेलं उतरत नसे. पाणी आटलं की चंद्रमतीबाई येता-जाता तांब्याभर ओतायच्या. आणि खरंच, अवेळी येणारा कधी उपाशी गेला नव्हता.

मोठ्या शेगड्या मुरुगेसनच्या. लाकडाची चूल होती तेव्हापासून तो या घरचा जाळ राखत आला होता. हातांवरचे केस केव्हाच जळून गेलेले, खांद्यावर ओला पंचा. पहारीला हंड्याचे कान अडकवून तो एका झोक्यात भात उतरवायचा, तेव्हा बाकीचे आपोआप बाजूला व्हायचे. इतक्या वर्षांत तो यांची मराठी यांच्यासारखीच बोलायला लागला होता. व्यंकोजीरावांना तो अण्णा म्हणे, चंद्रमतीबाईंना अम्मा.

दुसऱ्या दिवशी व्यंकोजीरावांनी स्टूल आणून शेगड्यांसमोर ठेवलं आणि त्यावर बसले.

"झाकण घाल रे. वाफ कुठे चालली?"

"घातलं अहे, अण्णा."

"जाळ हंड्याच्या बाहेर येतो अहे बघ. कमी कर."

मुरुगेसनने जाळ कमी केला. मग भात उशिरा शिजला, तर व्यंकोजीराव त्यावरून ओरडले. पापड तळणं बंद झालं. डाळ आदल्या रात्री भिजत पडू लागली. चहा दोनदाच. चंद्रमतीबाई रसमच्या चिंचेला गरम पाणी घ्यायच्या, ते तपेल्यातून घेऊन पुन्हा थंड पाणी ओतायच्या. इतकं करूनही सिलिंडर लवकर हलका व्हायचा. त्याच्या अंगाला दव धरलं की तो संपत आला, हे व्यंकोजीरावांना ठाऊक. ते उठून सिलिंडर हलवून बघायचे, पुन्हा बसायचे, आणि नजर पुन्हा मुरुगेसनच्या पाठीवर.

"अण्णा, तुम्ही असं बसलांत की हात चालत नाहींत मज," मुरुगेसन शेवटी म्हणाला.

"कां? हातांस काय झालं?"

मुरुगेसनने पंच्याने तोंड पुसलं.

वरलक्ष्मी तिथेच खाली बसून भोपळा चिरत होती. सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूला मामी, तिकडची तीच रीत. मामांच्या मनात काय शिजतंय ते तिला दिसत होतं. गाडीवाल्याने पेरलं ते उगवलं होतं. सिलिंडरातला गॅस रबरी नळीने लहान सिलिंडरात उतरवून विकणारी माणसं असतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांनाच माहीत. आणि मुरुगेसन रोज दुपारी मोपेडला एक पोतं बांधून घरी न्यायचा.

त्या पोत्यात काय असतं, हे वरलक्ष्मीएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. भाज्यांची सालं, देठं, केळफुलाची टरफलं. मुरुगेसनच्या गाईसाठी. ती स्वतः रोज ते भरून ठेवायची.

शुक्रवारी दुपारी मेस भरलेली होती. बँकेतले दोघे, सहकारी सोसायटीतला कारकून, बस चुकलेली एक बाई आणि तिची मुलं. मुरुगेसन पोतं घेऊन मधल्या वाटेने बाहेर निघाला, तेव्हा व्यंकोजीराव गल्ल्यावरून उठले.

"थांब. काय अहे त्यांत?"

मुरुगेसनला आधी वाटलं, थट्टा आहे. तो हसला. "गाईचं जेवण, अण्णा."

"उघड."

"काय?"

"उघड म्हणट्लं. इथेंच."

पानांवरचे हात थांबले. बँकेतल्या माणसाने घास तोंडाशी धरला होता, तो तसाच राहिला. मुरुगेसनने एकदा व्यंकोजीरावांकडे पाहिलं आणि एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात वरलक्ष्मी उभी होती, हात भोपळ्याच्या रसाने चिकट. बोलायचं एवढंच होतं, मामा, ते मी भरलंय. तोंड उघडलंही तिने. पण सगळी मेस बघत होती, सासरे चिडलेले होते, आणि पाहुण्यांच्या देखत सुनेने मध्ये बोलायचं नसतं हे अंगात इतकं मुरलेलं, की तिने तोंड पुन्हा मिटलं.

मुरुगेसनने पोतं खाली ठेवलं. सुतळीची गाठ घट्ट होती, ती त्याने दातांनी सोडवली. मग पोत्याचं तोंड धरून त्याने ते उलटं केलं. सालं, देठं, टरफलं फरशीवर पसरली. एक लहान मूल हसलं, आईने त्याला दाबलं.

व्यंकोजीराव ढिगाकडे बघत राहिले. "सेरी, सेरी. बरं," ते पुटपुटले. "भर आतां."

मुरुगेसनने सालं भरली नाहीत. कोपऱ्यातला झाडू आणून फरशी लख्ख झाडली, कचरा बाहेर नेऊन टाकला, हात धुतले. रिकामं पोतं घडी करून काखेत घेतलं. मग तो तमिळमध्ये बोलला. त्या घरात तो घरच्यांशी तमिळ बोलल्याला वर्षं लोटली होती.

"येतो, मुदलाळी."

मुदलाळी म्हणजे मालक. तो शब्द ऐकून चंद्रमतीबाई आतून धावत बाहेर आल्या, पण मोपेड तोवर फाटक ओलांडून गेली होती.

"हें काय केलंत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय केलं? विचारलं. विचारूंही नये?"

त्या दिवसापासून व्यंकोजीराव स्वतः शेगडीपाशी उभे राहिले. पहारीने हंडा उतरवताना पहिल्याच दिवशी त्यांचं मनगट भाजलं. त्यावर हळद लावून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले. माणूस हट्टी, कबूल करायला तयार नव्हता, पण आशा होती त्यांना. आता गॅस टिकेल. टिकलाच पाहिजे. आणि सिलिंडरला पहिल्याइतक्याच लवकर दव धरलं.

रघुनाथने ते पाहिलं. वरलक्ष्मीने पाहिलं. व्यंकोजीरावांनी तर सगळ्यांत आधी पाहिलं. मुरुगेसन गेला होता आणि गॅस तरीही जात होता. याचा अर्थ काय, हे सांगायला शहाण्याची गरज नव्हती. जेवताना व्यंकोजीराव मान खाली घालून जेवायचे आणि मीठ कमी आहे म्हणून चिडायचे. मीठ बरोबर असायचं.

पुढची गाडी यायची ती आलीच नाही. फोन केला तर गाडीवाला म्हणाला, उद्या. शेवटचा सिलिंडर पाइपाला लागलेला होता.

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. कुरुवैची, म्हणजे वर्षातल्या पहिल्या भातपिकाची, कापणी नुकतीच झालेली, रस्त्यावर वाळत घातलेलं भात लोक घाईघाईने गोळा करत होते. मेसमध्ये सांबार उतरलं होतं, रसमही झालं होतं. भात अर्धाकच्चा, भाजी अजून चिरलेलीच. रघुनाथने टेम्पो दाराला लावला. वसतिगृहातून एकदा फोन येऊन गेला होता, आज परीक्षा आहे, मुलींना वेळेवर हवं.

आणि भाताखालचा जाळ पिवळा झाला.

"अय्यो," चंद्रमतीबाई म्हणाल्या.

व्यंकोजीरावांनी खटका पुढे-मागे केला. जाळाने दोनदा फुर्रफुर्र केलं, हंड्याच्या कडेने एक जीभ बाहेर आली आणि विझली. भाताची खदखद हळूहळू बसत गेली. त्यांनी दुसरी शेगडी उघडली, काडी ओढली. काही नाही. तिसरी. काही नाही. "शेजारी जा. कुणाकडे एखादा तरी असेल. फाटकापलीकडे विचार," ते रघुनाथला म्हणाले.

"मघांच विचारलं, अप्पा. कुणाकडेच नाहीं."

स्वयंपाकघरात एवढी शांतता कधी नसायची. त्या शांततेत वरलक्ष्मीला एक आवाज ऐकू आला. बारीक, रोजचा, इतका रोजचा की कानांनी तो कधीच टाकून दिलेला. तिने मान वळवली.

भिंतीकडच्या लहान शेगडीवर आधण उकळत होतं.

मोठ्या तोंडांना गॅस पुरेना, पण त्या लहानशा तोंडाला अजून पुरत होता. बोटभर निळा जाळ नीट, शांतपणे जळत होता. वर तपेल्यात पाणी सळसळत होतं, कुणासाठीही नाही. पहाटेपासून जळत होता तो. कालही जळत होता. लाकडाची चूल पाडून गॅस घातला त्या दिवसापासून, पहाटेपासून शेवटचं पान उठेपर्यंत. देवापुढच्या समईला तेल किती लागतं हे कोणी बघतं का? तसंच झालं होतं.

एकदा गप्प बसून काय झालं ते वरलक्ष्मीने पाहिलं होतं.

"मामा," ती म्हणाली. आवाज चिरका आला. "गॅस कोणी नेला नाहीं. तो तिथें अहे."

व्यंकोजीरावांनी तिच्या बोटाच्या दिशेने पाहिलं. आधी त्यांना काही कळलंच नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते वरलक्ष्मीला बघवलं नाही. तिने सासूकडे पाहिलं.

चंद्रमतीबाई तपेल्यासमोर उभ्या होत्या. "लाकडाच्या अडुप्पुला, चुलीला, दोन तोंडं होतीं," त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. "पुढे भात, मागे वैल. भाताच्याच जाळावर वैलावरलं पाणी तापायचं. आधणास वेगळं लाकूड कधीं घातलंच नाहीं आम्ही." त्यांनी पदराने डोळे पुसले. "चूल गेली, वैल गेली. मी तपेलं उचलून हिकडे ठेवलं. मज कळ्ळंच नाहीं. मुरुगेसास चोर केलं ते मीच."

त्यांनी हात पुढे केला आणि खटका फिरवला. निळा जाळ गेला. घरात आल्यापासून शेवटचं पान उठायच्या आधी आधणाखालचा जाळ त्यांनी पहिल्यांदाच विझवला. पण रडत बसायची ती बाई नव्हती.

"रघु, मागच्या जुन्या गोठ्याच्या माळ्यावरलं वैक्कोल, पेंढा काढ. कोरडं बघून काढ. सगळं आण. वरू, पोतीं आण आणि जुनीं लुगडीं. धांव!"

पूर्वी कापणीला माणसं लागायची, तेव्हा चंद्रमतीबाईंच्या माहेरी असं करायचे. भात अर्धा शिजला की हंडा पेंढ्यात पुरायचा. आतली ऊब आतच राहते आणि भात आपला आपण होतो. रघुनाथने मागच्या पडवीत पेंढ्याचं आळं केलं. चंद्रमतीबाईंनी पाहुण्याचं कढत आधण सगळंच्या सगळं भाताच्या हंड्यात ओतलं. वाफेचा लोट उठला. झाकण घट्ट बसवलं. मग बापलेकांनी पहारीला हंड्याचे कान अडकवले.

हंडा उचलला गेला आणि मधेच कलला. हे काम मुरुगेसनचं. व्यंकोजीरावांचं भाजलेलं मनगट वळत नव्हतं. झाकणाच्या कडेने गरम पाणी त्यांच्या पायावर सांडलं. "सोडूं नका, अप्पा!" रघुनाथ ओरडला. त्यांनी सोडलं नाही. दात खाऊन, एकेक पाय सरकवत त्यांनी हंडा पडवीत नेला आणि पेंढ्यात उतरवला. चौघांनी मिळून वर पेंढा, पोती, लुगडी घातली आणि हातांनी दाबली. व्यंकोजीराव तिथेच खाली बसले. पायावर फोड यायला लागला होता.

मग काकड्या चिरून कोशिंबीर केली, भाजीच्या जागी तीच. दही होतं, लोणचं होतं. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजू लागले. वॉर्डनबाईंचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा वरलक्ष्मीने तो उचलला आणि "गाडी निघतच आहे," असं तमिळमध्ये धडधडीत खोटं सांगितलं. चंद्रमतीबाईंनी मनात देवाचं नाव घेत पेंढा बाजूला केला, झाकण उचललं, एक शीत बोटांत दाबलं. पुन्हा दाबलं.

"झाला," त्या म्हणाल्या.

जेवण उशिरा गेलं, पण गेलं. मुली परीक्षेहून येऊन हातपाय धूत होत्या, तोवर टेम्पो पोचला. रघुनाथ परत येऊन म्हणाला, बाई रागावल्या, पण काम काढलं नाही. एवढं ऐकून व्यंकोजीरावांनी डोळे मिटले. मग उघडले आणि म्हणाले, "वरू, तुझी स्कूटर काढ."

मुरुगेसनचं गाव कालव्याच्या काठाने, नारळीच्या बागा ओलांडून. पाऊस थांबला होता. व्यंकोजीराव सुनेच्या मागे बसले होते, भाजलेला पाय चिंधीत.

अंगणात मुरुगेसनची बायको सेल्वी मातीच्या चुलीपाशी बसली होती. यांना पाहून ती उठली. काय झालंय ते तिला ठाऊक असणारच, पण दाराशी आलेल्याला आधी बसा म्हणायचं असतं. तिने चटई टाकली. मग काही न विचारता तांदूळ धुतले आणि मागच्या तोंडावरच्या मडक्यात टाकले. पाणी तिथे उकळतच होतं. पुढच्या तोंडावर आमटी, तिच्या जाळाची ऊब मागच्या मडक्याला. चुलीत होत्या चार नारळाच्या झावळ्या.

व्यंकोजीराव त्या मडक्याकडे बघत बसले. सेल्वीने वाढलं, तेव्हा दोन घास त्यांनी कसेबसे गिळले. न सांगता येणारा पाहुणा आज ते स्वतः होते, आणि आधण होतं चोर ठरवलेल्याच्या घरी.

मुरुगेसन गाय बांधून आला. खांबाला टेकून उभा राहिला.

"मुरुगेसा, चूक झाली," व्यंकोजीराव म्हणाले. "गॅस आमचाच आम्ही जाळीत होतों. आधणाखालीं. तूं परत ये."

मुरुगेसन तमिळमध्येच बोलला. "गॅस कुठे गेला ते मला नको, मुदलाळी. तुम्ही पोतं उघडलं असतंत तर मी विसरलो असतो. तुम्ही मला उघडायला लावलंत."

वरलक्ष्मीचे डोळे भरून आले. "पोतं मीच भरत होतें. मज ठाऊक होतं. मी बोललें नाहीं."

"तुला ठाऊक होतं," मुरुगेसन म्हणाला, "हे मलाही ठाऊक होतं."

गाय दावं ओढत होती. सेल्वीने चुलीत एक झावळी सारली.

मग मुरुगेसनच म्हणाला, "अम्मांना सांगा, अडुप्पु घालून देतो. सेल्वीच्या बाळंतपणात त्यांनी डबे पाठवले होते. कामाला मात्र येणार नाही."

तो आला तो पोत्यात कालव्याची चिकणमाती भरून. तेच पोतं. मागच्या पडवीत विटा रचून त्याने दोन तोंडांची चूल घातली, मातीत भाताचा कोंडा कालवून लिंपली, पुढच्या तोंडातून मागच्या तोंडाकडे जाळ कसा जाईल ते कोपरापर्यंत हात घालून नीट केलं. धूर बाहेर जायला पत्र्याची नळी बसवली. व्यंकोजीराव पाणी आणून द्यायचे, विटा हाताशी द्यायचे. "घे," "इथें ठेवूं?" एवढंच बोलणं व्हायचं, आणि मुरुगेसन मानेने उत्तर द्यायचा. चूल वाळवायला, लिंपायला, पुन्हा वाळवायला तो रोज यायचा. जेवायच्या वेळी घरी जायचा.

माती वाळली त्या सकाळी त्याने स्वतः सुरूच्या काटक्या रचून पहिला जाळ केला. पुढच्या तोंडावर भात चढला. चंद्रमतीबाईंनी वैलावर तपेलं ठेवलं आणि समोर बसून राहिल्या. भाताला कढ आला, आणि थोड्याच वेळात मागचं पाणीही गुणगुणायला लागलं. त्याच्यासाठी कुणी एक काटकी घातली नव्हती. चंद्रमतीबाईंनी हात जोडले. गॅसला आता सांबार आणि रसमपुरतंच काम उरलं होतं. वसतिगृह राहिलं होतं, मेस राहिली होती.

चंद्रमतीबाई उठल्या. पडवीत केळीचं पान मांडलं, पाणी शिंपडलं, उकळत्या आधणात मूठभर तांदूळ वैरले.

"मुरुगेसा, हातपाय धू. आजचा पाहुणा तूं."

मुरुगेसनने नळावर हातपाय धुतले. कोपरापर्यंतची माती निघायला वेळ लागला. मग पंच्याने हात पुसत तो पानासमोर आला आणि उभा राहिला.

"पोट भरलंय, अम्मा," तो तमिळमध्ये म्हणाला.

त्याने कोपऱ्यातलं रिकामं पोतं उचललं आणि मधल्या वाटेने निघाला. मेसमध्ये दोन-चार माणसं जेवत होती. गल्ल्यापाशी व्यंकोजीराव उठून उभे राहिले.

मुरुगेसन त्यांच्यासमोर थांबला. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. त्याने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं, ते उलटं धरलं आणि दोनदा झटकलं. वाळलेल्या मातीची थोडी भुकटी फरशीवर पडली. मग त्याने पोत्याची नीट घडी केली, काखेत घेतली आणि दाराबाहेर पडला.

व्यंकोजीराव खाली वाकले आणि हाताने ती भुकटी गोळा करू लागले. आत पडवीत मूठभर तांदूळ शिजून तयार होते, आणि पान तसंच मांडलेलं होतं.